आषाढातलं सिलिंडर : एका बचतगटाच्या गॅसकर्जाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन घरांचे काही तपशील एकात मिसळले आहेत. मी तेव्हा एका लहान संस्थेकडून बचतगटांचे हिशेब बघायला जात असे. गॅस हा माझा विषय नव्हता. तो गटाच्या रजिस्टरमधून माझ्यासमोर आला.

गाव मुरमाड जमिनीचं. बाजरी, तूर, कापूस, आणि पाऊस देईल तेवढं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम भाद्रपद-आश्विनात उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो, ट्रक लागतात, आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की चैत्राच्या आसपास माणसं परत येतात. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं राहतात. ज्या बाईभोवती हे प्रकरण फिरतं तिला मी मावशी म्हणते. मुलगा आणि सून तोडीला जातात. मावशी, त्यांचे दम्याने बसलेले मालक आणि दोन नातवंडं घरी असतात.

इथे ‘स्वयंपाकाचं इंधन कोणतं’ असं विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळत नाही. माघ-फाल्गुनात कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या की घरामागे गंज लागते, ती उन्हाळाभर पुरते. तुराट्या पेटवणासाठी. दिवाळीनंतर गोवऱ्या थापायच्या आणि हुडवा रचून वरून लिंपायचा. बाकी बाभळीची छाटणी आणि डोंगरावरून आणलेली मोळी. रॉकेल पूर्वी रेशनवर यायचं, ओल्या लाकडावर दोन थेंब टाकायला तरी, तेही आटलं.

आणि गॅस. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली, या गावात ती २०१७-१८ मध्ये पोचली. जोडणीसाठी सरकारकडून १,६०० रुपयांचं साहाय्य होतं. शेगडी आणि पहिलं सिलिंडर हवं तर कर्जाऊ मिळत होतं, ते कर्ज पुढच्या अनुदानातून वळतं व्हायचं. म्हणजे ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना सुरुवातीला सिलिंडर पूर्ण भावानेच घ्यावं लागलं, आणि ‘अनुदान येतं म्हणतात, पर येत नाही’ हे वाक्य तेव्हाच गावात रुजलं. ७ सप्टेंबर २०१९ ला योजनेची आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आमच्या शेजारच्याच, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. कागदावर तोवर आमचं गावही जवळपास पूर्ण गॅसचं झालं होतं. प्रत्यक्षात मावशींच्या घरी शेगडीवर फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा रुमाल घातलेला असे आणि त्यावर देवाला आणलेल्या उदबत्तीचा पुडा.

अडचण कुठे आली

जुलै २०२२. मुंबईत घरगुती सिलिंडर ६ तारखेपासून १,०५२ रुपये ५० पैशांना झालं होतं. आमच्याकडे त्याहून थोडं जास्तच. उज्ज्वलाच्या ग्राहकांना मे महिन्यापासून २०० रुपये अनुदान पुन्हा सुरू झालं होतं, पण ते नंतर खात्यात येणार. टेम्पोवाल्याच्या हातावर पूर्ण रक्कम ठेवावी लागते.

आषाढातल्या मासिक बैठकीत मावशींनी अकराशे रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, गॅस भरायचाय. गटाचा नियम होता: कर्ज आजारपणाला, शिक्षणाला, शेतीला किंवा धंद्याला. घरखर्चाला नाही. सचिवबाईंनी नियम वाचून दाखवला, दोघी-तिघींनी मान हलवली, आणि रजिस्टरमध्ये ओळ पडली, ‘घरखर्च असल्याने नामंजूर.’ त्या बैठकीला मी हजर होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नियम चांगला होता. किराण्यासाठी कर्ज देत सुटलेले गट बुडताना मी पाहिले होते.

श्रावणात झड लागली. पऱ्हाट्यांची गंज खालून भिजली. पाऊस उघडल्याबरोबर मावशी डोंगरावर गेल्या आणि मोळी घेऊन उतरताना शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला. मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, गाडीभाडं मिळून साडेचार हजारांच्या घरात खर्च गेला. गटाने त्याच संध्याकाळी चार हजार कर्ज दिलं. आजारपण नियमात बसत होतं.

भाद्रपदातल्या बैठकीत रजिस्टर वाचायचं काम गटातल्या सगळ्यांत लहान, बारावी झालेल्या सुनेकडे होतं. तिने दोन्ही ओळी एकापाठोपाठ वाचल्या, वर अकराशेचा नकार आणि खाली चार हजारांची मंजुरी. मग थांबली आणि म्हणाली, “आधी अकराशे दिले असते तर?” कुणी काही बोललं नाही. अध्यक्ष अक्कांनी पुढचा विषय न घेता सगळ्यांना सांगितलं, उद्या आपापलं गॅसचं पुस्तक घेऊन या.

पुस्तकांत काय दिसलं

बाराजणींची बारा पुस्तकं. बहुतेक प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत गुंडाळलेली. मला वाटलं होतं, प्रत्येकीचं वेगळं काहीतरी निघेल. सतरंजीवर उघडून ओळीने ठेवली तेव्हा तारखाच बोलायला लागल्या.

भरणं दोनच काळात होतं. एक पाडव्यानंतर, तोडीचा हिशेब फिटून घरात काही पैसे आले तर. दुसरं पोळा ते दसरा, उचल हातात पडल्यावर. एप्रिल ते जून २०२० मध्ये मात्र जवळपास प्रत्येक पुस्तकात लागोपाठ नोंदी होत्या. लॉकडाऊनमध्ये तीन सिलिंडर मोफत होती आणि त्याचे पैसे आधीच खात्यात आले होते. आणि आषाढ-श्रावणात? बारा पुस्तकांत मिळून, गेल्या चार वर्षांत, दोनच नोंदी.

म्हणजे लाकूड ओलं, डोंगर निसरडा, घरात धूर कोंडलेला, गॅसची गरज सगळ्यात जास्त, त्याच दोन महिन्यांत कुणीच गॅस भरत नव्हतं. कारण त्याच दोन महिन्यांत घरात पैसा नसतो. बियाणं आणि खत ज्येष्ठात गेलेलं, कापूस अजून बोंडातही नाही, उचल यायची आहे. आणि जेव्हा पैसा असतो तेव्हा घरामागे वाळलेल्या पऱ्हाट्या फुकट पडलेल्या असतात.

उज्ज्वलाची घरं वर्षाला सरासरी तीन-चार सिलिंडर भरतात, हा देशभरचा आकडा तेव्हा सगळे सांगायचे. २०२२-२३ साली तो ३.७१ होता. त्यावरून ‘परवडत नाही’ किंवा ‘चुलीची सवय सुटत नाही’ असे दोन निष्कर्ष काढायची पद्धत आहे. सरासरीत महिने दिसत नाहीत, एवढंच मला त्या सतरंजीवर कळलं.

मग मी एक हिशेब मांडला आणि तोंडघशी पडले. मावशींच्या जावेने आणलेली मोळी आम्ही कापूस मोजायच्या ताणकाट्याला लावली, २१ किलो भरली. १४.२ किलो गॅसमधली उष्णता साधारण ६५० मेगाज्यूल धरली, शेगडीवर त्यातली साठेक टक्के भांड्याला लागते. लाकडाच्या किलोत १५ मेगाज्यूल, आणि मातीच्या चुलीत त्यातले बारा-पंधरा टक्केच कामी येतात. ढोबळमानाने एका सिलिंडरला १९०-१९५ किलो लाकूड, म्हणजे नऊ मोळ्या. एका मोळीला अर्धा दिवस. साडेचार दिवसांची मजुरी, अडीचशेच्या रोजाने, अकराशेच्या वर. “बघा,” मी म्हटलं, “लाकूड फुकट नाही. सिलिंडरएवढंच पडतं.”

मावशी गळ्यात हात बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, “ताई, ते बरोबर हाय. पर रोज रोजगार कुठं असतो? ज्या दिवशी काम नसतं त्याच दिवशी मी लाकडं आणते. रिकाम्या दिवसाचे अडीचशे कोण देतंय मला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट त्यांनी माझ्या हिशेबातली दुसरी गळती दाखवली. टेम्पो गावात येत नाही, चार किलोमीटरवरच्या फाट्यावर बाजारच्या दिवशी थांबतो. तो नक्की कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून तो दिवस मोडतो. येताना टमटमवाला भरलेल्या सिलिंडरचे वेगळे साठ रुपये घेतो. आणि बाजारचा दिवस हा हमखास कामाचा दिवस. म्हणजे लाकूड आणायला रिकामा दिवस जातो, आणि गॅस आणायला भरलेला.

कोणते पर्याय होते

गोबरगॅसचा विचार आधी झाला, कारण अक्कांचं माहेर कोल्हापूरकडचं आणि तिकडे गल्लोगल्ली गोबरगॅस त्यांनी पाहिलेले. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, चार-पाच जनावरं दावणीला हवीत, आणि शेणाइतकंच पाणी. गटात बैलजोडी असलेली चार घरं होती. पण ते बैल दसऱ्यानंतर गाडीला जुंपून कारखान्याच्या तळावर जातात आणि वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, जगतात. बैलांबरोबर शेणही जातं. ते परत येतात तेव्हा गावाला टँकर सुरू झालेला असतो. पाच मिनिटांत हा पर्याय बाद झाला, आणि मला वाटतं ही त्या बैठकीतली सर्वांत चांगली चर्चा होती, कारण ती कुठल्या पत्रकावरून झाली नाही.

बिनधुराच्या चुलीचा अनुभव गावाला होता. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ पासून २००२ पर्यंत चालला, त्यातली एक चूल एका घरी अजून होती. म्हणजे तिचं धुराडं होतं. चूल पोतेऱ्याने आणि दुरुस्तीने कधीच मूळ आकाराची राहिली नव्हती, आणि धुराड्याच्या तोंडाशी पालीने घर केलं होतं. विजेच्या शेगडीबद्दल सगळ्यांचं एकमत झालं: आमची वीज स्वयंपाकाची वेळ बघून जाते.

राहिलं गॅससाठी कर्ज आणि पाच किलोचं लहान सिलिंडर. लहान सिलिंडर कागदावर उत्तम होतं. एकावेळी रक्कम कमी, डोक्यावर आणता येण्याजोगं, आणि उज्ज्वलाच्या ग्राहकाला मोठ्याऐवजी ते घेता येतं. वितरकाकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा ‘पाच किलोचं आलं की कळवतो’ हेच ऐकलं. शेवटपर्यंत कळवलं नाही.

कर्जावर खरी वादावादी झाली. सचिवबाईंचा विरोध होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. “आज गॅसला दिलं तर उद्या तेलाला मागतील. तेल बी चुलीवरच जातं.” त्यांचं म्हणणं, द्यायचंच तर नेहमीच्या शेकडा दोनने द्या. लहान सून म्हणाली बिनव्याजी द्या. अक्कांनी मधला मार्ग काढला, शेकडा एक. तत्त्वाने यात काही साधलं नाही, पण सचिवबाई रजिस्टर लिहायला तयार झाल्या, आणि तेव्हा तेच महत्त्वाचं होतं.

काय केलं

गटाने बचतीतले सहा हजार रुपये गॅसचा निधी म्हणून वेगळे काढले. एका वेळी पाच जणींना एकेक भरणं पुरेल इतके. तीन हप्त्यांत परतफेड, आधीचं फिटल्याशिवाय दुसरं नाही.

दुसरं काम वितरकाशी बोलायचं. त्याने सरळ सांगितलं, दोन सिलिंडरसाठी टेम्पो घाट चढत नाही. किती असतील तर चढेल? दहा. गटातल्या बारा आणि शेजारच्या गटातल्या काही मिळून दहाची भरती अवघड नव्हती, अट फक्त एकाच दिवशी नोंदणी करण्याची होती. सप्टेंबरअखेर पहिल्यांदा टेम्पो मारुतीच्या पारापाशी आला. अकरा सिलिंडर उतरली. टमटमचे साठ रुपये आणि मोडलेला दिवस, दोन्ही एका फोनवर वाचले. कर्जाची एवढी चर्चा केली आणि त्या पहिल्या खेपेला कर्ज लागलं चौघींनाच.

नोंदणीत एक अडचण निघाली जी आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. बऱ्याच जोडण्या बाईच्या नावाने, पण मोबाइल नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा. नोंदणी त्याच नंबरवरून होते, संदेश तिथेच जातात. आणि तो फोन दिवाळीनंतर तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतो, बहुतेक वेळा चार्जिंग संपलेला. सात जणींचे नंबर बदलून घेतले. या कामाला दोन खेपा आणि एक पूर्ण दिवस लागला.

अनुदानाचंही असंच. मावशी शपथेवर सांगत होत्या की एक रुपया आलेला नाही. अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. त्यांना वाटत होतं ते रेशनकार्डाबरोबर ठेवलेल्या पासबुकात येईल. शोधलं तर रोजगार हमीच्या वेळी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्यात निघालं. पासबुक छापून घेतलं तेव्हा मशिनचा तो खर्रखर्र आवाज संपेपर्यंत मावशी काचेला नाक लावून उभ्या होत्या.

वसुली मात्र पहिल्याच वर्षी अडकली. तीन हप्ते म्हणजे तीन महिने, आणि सप्टेंबरपासून तीन महिने मोजले तर माणसं गावात नसतात. आम्ही बारा महिन्यांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर मांडून प्रश्न शोधला आणि मग उत्तर ठरवताना तेच कॅलेंडर विसरलो. दोन घरं मुकादमाच्या ट्रकने रात्रीच गेली, पाचशे-सहाशे रुपये बाकी ठेवून. सचिवबाई म्हणाल्या, “मी बोलले होते.” चैत्रात दोन्ही घरांनी आल्याआल्या पैसे दिले. पण मधले पाच महिने गटात जी कुजबुज झाली तिची किंमत कशात मोजायची ते मला माहीत नाही.

कोपीतला प्रयोग

हा भाग लिहायला मला आवडत नाही. चूक आमची होती, आमच्यातही जास्त माझी.

घरी गॅस सुरू झाला तसं मावशींच्या सुनेने विचारलं, आम्ही तिकडे पहाटे तीनला उठून पाचटावर भाकरी भाजतो, तिकडे काही करता येईल का? मला ते फार पटलं. बाजारभावाने मिळणारं पाच किलोचं सिलिंडर फक्त ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतं. ते घेतलं, वर बसवायचा बर्नर घेतला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते टोळीबरोबर गेलं.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, वरून ताडपत्री, बाजूला पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आणि जुन्या साड्या. उंची माणूस वाकून जाईल इतकी. थंडीच्या पहाटे वाऱ्यात बाहेर बर्नर टिकेना, म्हणून सुनेने सिलिंडर आत घेतलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तव्याखालून ज्योत वाऱ्याने आडवी झाली आणि लोंबणाऱ्या ताडपत्रीची कड वितळली. मुलाने लाथेने ताडपत्री बाजूला ओढली, पाणी मारलं. कुणाला काही झालं नाही. मुकादमाने दुसऱ्या दिवशी ‘हे तळावर नको’ म्हणून सांगितलं आणि त्याचं बरोबर होतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि तिथे जमिनीलगत लेकरं झोपलेली असतात.

फोनवर सून म्हणाली, “ताई, तिकडं चूल उघड्यावरच असती. धूर वर जातो. पाचट पायाखालीच पडलेलं असतं.” म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी घरी गॅस हवा होता, कोंडलेला धूर आणि लांबून आणायचं लाकूड, त्या दोन्ही अडचणी तळावर नव्हत्याच. तिने पहाटे तीनचा उल्लेख केला होता. तिची तक्रार झोपेची होती, मी ती धुराची समजले.

हाती काय आलं

खरी कसोटी २०२३ च्या आषाढ-श्रावणात होती. निधीतून सहा भरणी झाली, सगळी जुलै-ऑगस्टमधली. बारा पुस्तकांत मिळून चार वर्षांत दोन नोंदी होत्या, त्या मानाने हे बरं. वर्षाचं बघितलं तर सात जणींचं भरणं वाढलं, तिघींचं होतं तेवढंच राहिलं, दोघींचं कमी झालं. त्यातल्या एकीच्या घरी लग्न होतं आणि सगळा पैसा तिकडे गेला. मावशी वर्षाला दोनवरून पाचवर आल्या.

चूल मात्र विझली नाही. चहा, भाजी, दूध, पाहुणा आला तर काही गोड, हे गॅसवर गेलं. भाकरी चुलीवरच राहिली. ‘चव लागत नाही’ हे कारण सांगतात, पण मी बसून पाहिलं तेव्हा वेगळं वाटलं. सहा-सात माणसांच्या वीस-बावीस भाकऱ्या सलग करायच्या तर तव्यावरची उतरून निखाऱ्यापुढे उभी करता येते, तोवर तव्यावर दुसरी पडते, आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, कालवण गरम राहतं. दोन बर्नरच्या शेगडीवर ही साखळी जमत नाही. हा चवीपेक्षा जागेचा प्रश्न आहे.

आणि आंघोळीचं पाणी. हे आमच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. हिवाळ्यात सर्वांत जास्त लाकूड तिथे जातं, आणि त्यासाठी गॅस जाळायला कुणी राजी होणार नाही, होऊही नये. मावशींनी स्वतःच्या डोक्याने एक केलं: पाण्याची चूल घरातून काढून अंगणात चार पत्र्यांच्या आडोशाला मांडली. खर्च पत्रे जुने असल्याने शून्य. मालकांचा सकाळचा खोकला त्याने कमी झाला असं त्या सांगतात. गॅसने झाला की अंगणातल्या चुलीने, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही.

मग सरकारचे भाव बदलले. ३० ऑगस्ट २०२३ ला सिलिंडर २०० रुपयांनी उतरलं, ऑक्टोबरमध्ये उज्ज्वलाचं अनुदान ३०० झालं, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० कमी झाले. मुंबईच्या भावाने धरलं तर अनुदान वजा जाता नऊशेचं सिलिंडर पाचशेवर आलं. आमच्या गटाची वर्षभराची खटपट एका बाजूला आणि या तीन घोषणा दुसऱ्या बाजूला ठेवल्या तर पारडं कुठे झुकेल हे उघड आहे. २०२४ मध्ये राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत झाली, तेव्हा मला वाटलं निधी आता गुंडाळावा. झालं उलट. मोफत म्हणजे पैसे नंतर खात्यात येणार. आधी आठशे-साडेआठशे हातात लागायचेच. निधीची मागणी वाढली, आणि परतफेड सोपी झाली, कारण पैसे येणार हे आता प्रत्येकीला माहीत होतं आणि कुठल्या खात्यात येणार हेही. अडल्या त्या दोघी, ज्यांची जोडणी वारलेल्या सासूच्या नावावर होती. त्यांची कागदपत्रं व्हायला पुढचा पाडवा उजाडला.

पुन्हा करायचं झालं तर

गॅसची पुस्तकं पहिल्या दिवशी मागेन. नियम, व्याज, हप्ते यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. टेम्पो, फोन नंबर आणि खातं या तीन गोष्टी आधी हाताळल्या असत्या तर कदाचित निम्म्या जणींना कर्ज लागलंच नसतं. हे मी आज म्हणते खरी, पण पैशाचा विषय निघाला म्हणूनच सगळ्या सतरंजीवर बसल्या होत्या. टेम्पोसाठी बैठक बोलावली असती तर चारजणी आल्या असत्या.

हप्ते महिन्यांवर बांधणार नाही. गटाने २०२४ मध्ये हे स्वतःच बदललं: आषाढात घेतलेलं उचल आल्यावर एकरकमी, चैत्रानंतरचं पेरणीच्या आत. मुकादमाच्या उचलीतून गॅसचं कर्ज फिटतं यात मला अजून खटकतं. ती उचल म्हणजे दुसऱ्याच कुणाचं कर्ज. सचिवबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “गावात सगळंच त्यातनं फिटतंय, गॅसनं काय पाप केलं?”

कोपीत गॅस नेणार नाही. तिथल्या बाईला काय हवंय हे तळावर जाऊन, पहाटे तीनला, एकदा तरी बघेन आणि मग बोलेन.

मी शेवटच्या ज्या बैठकीला गेले होते ती २०२४ च्या मार्गशीर्षातली. तोडीला गेलेल्या वगळून पाचजणी होत्या. मावशींनी पाणी तापवायच्या बंबासाठी अडीच हजार मागितले. लाकूड चुलीच्या निम्मं लागतं म्हणाल्या, बहिणीकडे पाहिलाय. सचिवबाईंनी रजिस्टर उघडलं. गॅसचा नियम आहे, आजारपणाचा आहे, बंब कशातच बसत नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.